आपद्ग्रस्त घराची इर्जिक

ज्याच्या दावणीस बैलजोडी नाहीं, किंवा ज्याचा घरधनी ऐन हंगामांत अंथरुणास खिळला आहे, त्याच्या शेतावर गांवानें एक दिवस औतें घेऊन जावें, दिवस मावळण्यापूर्वीं वखरणी-पेरणी उरकून द्यावी आणि त्याच्या घरचें जेवून परत यावें, या रिवाजास आपल्याकडे इर्जिक म्हणतात. एकेकच बैल असलेल्या दोघांनीं ते एका जुवाखालीं आणून आळीपाळीनें दोघांचीं शेतें वाहणें हा वारंगुळा. निंदणी-कापणीस एकमेकांच्या शेतांत जाणें ही सावड. ट्रॅक्टर आल्यापासून हे शब्द वयस्कर मंडळींच्याच तोंडीं उरले आहेत. ते आज पुनः काढण्याचें कारण जुन्याचा सोस हें नव्हे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत गेल्या पाव शतकांत अशीं पुष्कळ घरें झालीं कीं ज्यांच्या घरधन्यानें स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. आणि मागें राहिलेल्या माणसांची जी गरज आहे, तिला आमच्या समजुतीप्रमाणें इर्जिकेवांचून दुसरें नांव शोभत नाहीं. इर्जिक वेळेवर होते, तिला कोणी उपकार म्हणत नाहीं, आणि जिच्या शेतांत आज ती झाली त्या घरचीं माणसें उद्यां दुसऱ्याच्या इर्जिकेस ताठ मानेनें जातात.

प्रथम वस्तुस्थिति सांगूं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा हे विदर्भांतील सहा जिल्हे आत्महत्याग्रस्त म्हणून सरकार-दरबारीं ओळखले जातात, व २००१ पासून महसूल खातें या मृत्यूंची नोंद ठेवीत आलें आहे. १ जुलै २००६ रोजीं पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनीं याच सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर केली. पुढें २००८, २०१७ व २०१९ सालीं कर्जमाफ्या झाल्या. तरीहि एकट्या २०२२ सालीं महाराष्ट्रांत शेती व शेतमजुरीवर जगणाऱ्या ४,२४८ लोकांनीं आत्महत्या केली असें राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत दिलें आहे. त्या वर्षीं सबंध देशांत असे ११,२९० मृत्यु झाले, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक भार आपल्या एका राज्यावर पडला. घाटावरचें सोयाबीन, घाटाखालचा कापूस, पूर्णेच्या खारपाण पट्ट्यांत विहीर असूनहि पिकास न चालणारें पाणी, भाव, विमा, कर्ज, हे सर्व विषय शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचे आहेत, व त्यांचें महत्त्व तिळभरहि कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्याच्या मालास भाव नाहीं त्यास नुसता धीर देणें ही थट्टा होय. परंतु भाव मिळेपर्यंतहि घरांत माणसें जगतच असतात, आणि आजचा आमचा विषय तीं माणसें हा आहे.

अशा मृत्यूनंतर वारसांस सरकार एक लाख रुपये देतें. त्यांतले तीस हजार हातीं येतात व सत्तर हजार ठेवीच्या रूपानें राहतात. तें द्यावयाचें कीं नाहीं हें जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिति ठरविते. नापिकी होती काय, कर्ज थकलें होतें काय, वसुलीचा तगादा होता काय, हें पाहून प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतें. सरकारी पैशास कसोटी हवी, हें आम्हांस मान्य आहे. पण हे दोन शब्द कचेरींतून निघून गांवांत शिरतात, आणि मग ‘अपात्र’ घराकडे गांव निराळ्या नजरेनें पाहूं लागतो. जणूं मेलेला मनुष्य परीक्षेंत नापास झाला. बटाईनें वा मक्त्यानें दुसऱ्याची जमीन वाहणाऱ्याचें तर सातबारावर नांवच नसतें, व त्याचें दुःख कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं. इर्जिकेनें हा शब्दभेद मानूं नये, एवढें येथेंच सांगून ठेवतों.

आतां त्या घरांत काय घडतें तें पाहूं. पहिले तेरा दिवस माणसांची रीघ असते. बसावयास आलेला प्रत्येक जण हळूच एकच प्रश्न विचारतो: कसें झालें? विधवेनें तीच हकीकत दिवसांतून दहा वेळां सांगावी, आणि प्रत्येक वेळीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत दुसरा प्रश्न वाचावा कीं घरांत कांहीं बोलाचाली तर झाली नव्हती ना. जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं आपत्तींत सांपडलेल्यांस प्रथम आधार कसा द्यावा याविषयीं एक मार्गदर्शिका काढली. तिचा सारांश तीन क्रियापदांत येतो: पाहा, ऐका, जोडून द्या. घरांत कोणास काय हवें आहे तें पाहावें. बोलावेंसें वाटल्यास ऐकावें. आणि ज्याच्याकडून काम होईल त्याच्याशीं जोडून द्यावें. झालेला प्रसंग पुनः पुनः वदवून घेऊं नये, असें तींत स्पष्ट म्हटलें आहे. आमच्या आजीबाई न बोलतां चुलीशीं जाऊन बसत, भाकरी थापीत आणि मुलांस जेवावयास वाढीत; त्यांस कोणत्याहि मार्गदर्शिकेची गरज नव्हती. तेराव्यानंतर रीघ आटते, आणि खरें दुःख तेव्हां सुरू होतें. खत-बियाण्यांच्या दुकानाची वही येते, उसनवारीवाले येतात, नवऱ्यानें कोणाकडून किती घेतलें होतें तें तिला त्याच वेळीं प्रथम कळतें. रात्रीं झोंप लागत नाहीं. सासू-सासरे आंतून खचलेले असतात व कित्येकदां सुनेलाच दोष देतात. म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, ज्यास जावयाचें असेल त्यानें तेरा दिवसांत एकदां जावें, आणि चौदाव्या दिवसापासून पुढें वर्षभर दर पंधरवड्यास जावें.

मनाच्या जखमेवर गांवच्या साध्या माणसाचा कांहीं उपाय चालतो काय, कीं तें केवळ डॉक्टरांचें काम आहे, असा प्रश्न वाचक करतील. यास उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यानेंच दिलें आहे. अमरावती व वर्धा या जिल्ह्यांत ‘विश्राम’ नांवाचा एक उपक्रम झाला. टाटा ट्रस्टचें अर्थसाहाय्य, नागपूरच्या ‘प्रकृति’ संस्थेचा त्यांतील भाग आणि गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेचें शास्त्रीय मार्गदर्शन अशी त्याची जुळणी होती. खेड्यांतीलच माणसें शिकवून तयार केलीं. त्यांनीं घरोघर जाऊन खिन्नतेच्या विकाराविषयीं बोलावें, ज्यास विशेष त्रास असेल त्यास शिकलेल्या समुपदेशकाकडे न्यावें, आणि त्यानेंहि भागलें नाहीं तरच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावें, अशी ती उतरंड. अमरावती जिल्ह्यांतील तीस खेड्यांत आरंभीं व अठरा महिन्यांनंतर पाहणी झाली, व तिचे निष्कर्ष २०१७ सालीं ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या पत्रांत प्रसिद्ध झाले. विकारानें पीडित असून कोणाकडे तरी मदतीस गेलेल्यांचें प्रमाण आरंभीं शेंकडा ४.३ होतें, तें २७.२ झालें. विकाराचेंच प्रमाण शेंकडा १४.६ वरून ११.३ वर आलें. आणि गेल्या वर्षभरांत जीव द्यावासा वाटला असें सांगणारे शेंकडा ५.२ होते, ते २.५ उरले. या खेड्यांच्या जोडीला उपक्रम न झालेलीं खेडीं तुलनेस घेतलेलीं नव्हतीं, तेव्हां सर्व श्रेय उपक्रमासच देणें शास्त्रास धरून होणार नाहीं; चांगला शेतकरी एका वाफ्यांतील पिकावरून जातीचा निवाडा करीत नाहीं. पण पूर्वीं शंभरांतील चौघेच कोणापाशीं मन मोकळें करीत होते आणि पुढें सत्तावीस जण करूं लागले, ही गोष्ट आपोआप घडत नसते.

नाशिक जिल्ह्यांतील पेठ तालुक्यांत २०१३ पासून ‘आत्मीयता’ हा असाच प्रयोग झाला. तेथें दोन प्रकारचे स्वयंसेवक नेमले होते. एक ‘मित्र’, ज्यानें शेजारीपाजारीं कोण कष्टी आहे तें ओळखावें. दुसरा अधिक शिकविलेला, ज्यानें त्याच्यापाशीं चार-सहा वेळां बसावें, त्याची अडचण सोडविण्यास मदत करावी आणि सरकारी योजनेचा कागद भरून द्यावा. यांतील शेवटचें काम आम्हांस सर्वांत शहाणपणाचें वाटतें. ज्या बाईचें रेशनकार्ड सासऱ्याच्या नांवें अडकलें आहे तिला नुसतें ‘धीर धर’ म्हणण्यापेक्षां तिच्याबरोबर तहसिलींत जाणें हें अधिक गुणकारी औषध होय. हा उपक्रम पुढें गुजरातेंतील मेहसाणा जिल्ह्यांत ६४५ गांवांत नेऊन तपासला गेला.

दूर देशचेंहि एक उदाहरण देतों. झिंबाब्वे देशांत डॉक्टर अतिशय थोडे. डॉ. डिक्सन चिबांडा यांनीं २००६ सालीं हरारे शहरांत दवाखान्यांच्या आवारांत लाकडी बांक मांडले व त्यांवर वस्तींतील वयस्कर बायका शिकवून बसविल्या. कष्टी मनुष्यानें येऊन आजीजवळ बसावें, सहा वेळां यावें, आणि दर वेळीं एका अडचणीचा विचार करावा. २४ दवाखान्यांतील ५७३ रुग्णांवर घेतलेल्या चाचणीचें फलित २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. सहा महिन्यांनीं बांकावर बसलेल्यांचा त्रास इतरांपेक्षां स्पष्टपणें कमी आढळला. त्या लोकांच्या भाषेंत या दुखण्यास जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘फार विचार करणें’ असा होतो. आपल्याकडेहि ‘त्याला विचार लागला’ असेंच म्हणतात. बांकाऐवजीं आपल्याकडे पार आहे, ओटा आहे, देवळाचा सभामंडप आहे. फक्त पारावर बायका बसत नाहींत, म्हणून त्यांच्यासाठीं बचतगटाची बैठक किंवा अंगणवाडीची पडवी पाहावी लागेल.

गांवानें या कामास कोणास निवडावें? आशाताई व अंगणवाडीची सेविका यांच्यावर आधींच कामाचा डोंगर आहे. त्यांस सोबत घ्यावें, पण सगळें ओझें त्यांच्या डोक्यावर देऊं नये. निवृत्त शिक्षक, बचतगटाची जाणती बाई, भजनी मंडळांतील एखादा मितभाषी गृहस्थ, हे चालतील. ज्याच्या पोटांत गोष्ट राहत नाहीं तो चालणार नाहीं. गांवचा पुढारी बहुधा चालत नाहीं, कारण त्याच्यामागें दोन माणसें व एक छायाचित्रकार असतो. आणि ज्याचें त्या घराकडे देणें निघतें, मग तो दुकानदार असो, सावकार असो वा भाऊबंद असो, त्यानें सांत्वनास जाऊं नये. त्याच्या गोड शब्दांतहि घरच्यांस तगादाच ऐकूं येतो. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यान्वयें गुन्हा आहे, व असा सावकार जमीन बळकावून बसला असल्यास जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून ती परत मागतां येते, हेंहि निवडलेल्या माणसास ठाऊक असावें.

त्या घरांतील तरुण मुलांविषयीं आम्हांस थोडें सविस्तर लिहावयाचें आहे, कारण सर्वांत मोठा धोका तेथें आहे, व तो दिसत नाहीं. विधवा रडते, म्हातारी कपाळ बडवून घेते. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मात्र गप्प असतो. लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘आतां तूंच या घरचा बाप’ असें म्हणतात. म्हणणाऱ्याचा हेतु चांगला असतो, पण हें वाक्य आम्हांस फार निर्दय वाटतें. काल ज्या ओझ्याखालीं एक जाणता मनुष्य मोडला, तेंच ओझें आज एका पोराच्या मानेवर आपण ठेवतों, आणि वर त्यास रडण्याचीहि सोय ठेवीत नाहीं. ज्या मुलाचा पिता वा माता अशा रीतीनें गेली त्याच्या स्वतःच्या जिवासहि पुढें इतर मुलांपेक्षां अधिक धोका असतो, असें अनेक देशांतील पाहण्यांत दिसून आलें आहे. यांतील बहुतेक मुलें सुखरूप वाढतात, हेंहि तितकेंच खरें. म्हणून कोणीं त्यांच्याकडे शापित म्हणून पाहूं नये. पण लक्ष हवें.

लक्ष म्हणजे काय, तें सांगतों. शाळा एक दिवसहि अधिक बुडूं देऊं नये. मास्तरांनीं वर्गांत त्याची हकीकत काढूं नये व त्यास पुढें उभें करून वह्या वाटूं नयेत. घराबाहेरील एका वडीलधाऱ्या माणसानें, मामा, काका, शेजारी कोणीहि असो, त्याची पाठराखण पत्करावी: आठवड्यांतून एकदां त्याच्याबरोबर शेतावर जावें, बाजारास न्यावें, कामाचें बोलावें. मुलगे समोरासमोर बसवून बोलत नाहींत. डवरणी चालू असतां, बैल पाण्यावर नेतांना, मोटारसायकलवर मागें बसून बोलतात. त्याच्या वयाच्या मित्रांसहि थोडें समजावून ठेवावें. मुलगा एकाएकीं अबोल झाला, रात्र-रात्र जागूं लागला, दारूच्या किंवा मोबाइलवरील जुगाराच्या नादीं लागला, आवडती वस्तु दुसऱ्यास देऊन टाकूं लागला, ‘माझ्यामुळें सगळ्यांना त्रास’ असें बोलूं लागला, तर उडवाउडवी न करतां त्यास सरळ विचारावें कीं, बाबा, जीव द्यावा असें तुझ्या मनांत येतें काय? असें विचारल्यानें नसलेली कल्पना डोक्यांत शिरते हा समज खोटा आहे. बहुधा विचारल्यानें मनुष्य सुटल्यासारखा होतो. तो ‘होय’ म्हणाला तर त्यास एकटें ठेवूं नये, आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत न्यावें. तेथें नेल्यास पोलिसांचें झेंगट मागें लागेल ही भीति अजून पुष्कळांस आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानें, असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असेंच धरावें व त्यास शिक्षा करूं नये, असें ठरविलें आहे.

थोड्या मोठ्या, विशी-पंचविशीच्या तरुणांची कथा निराळी. पदवी झाली, भरतीच्या परीक्षा दोन-तीनदां दिल्या, वय चाललें, जमीन भावांत वांटून दोन-तीन एकर आली, आणि शेती करणाऱ्यास मुलगी द्यावयास कोणी तयार नाहीं. सोयरीक जमविणारे आपणच आहोंत. स्वतः शेतकरी असून जांवई मात्र नोकरीवाला हवा असें म्हणणाऱ्या गृहस्थानें आपल्या शेजारच्या पोरास उपदेश करण्याचा अधिकार कोठून आणला, हें आम्हांस कळत नाहीं.

मुलींची आपत्ति याहून वेगळी. वर्षाच्या आंत लग्न उरकावें या समजुतीनें पोरीची शाळा सुटते व अठरा वर्षें पुरीं होण्याआधींच तिला उजवितात. एका घरावर एकच आघात पुरे आहे. पितृहीन मुलास वा मुलीस घरींच ठेवून शिकवितां यावें म्हणून सरकारची क्रांतिज्योति सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्यें तिची रक्कम प्रत्येक मुलामागें दरमहा २,२५० रुपये केलेली आहे, व अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो. विधवेस संजय गांधी निराधार अनुदान योजनेंतून २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळूं शकतात. मुलांस दूर वसतिगृहांत नेण्याचाहि एक मार्ग आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनें बाराशें मुलें पुण्यास नेऊन शिकविलीं, आणि पुढें आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या मुलांसहि वाघोलीच्या त्याच आवारांत जागा दिली. हें काम मोठें आहे. तरी ज्या मुलाची आई आहे, घर आहे, त्यास प्रथम गांवांतच उभें राहूं द्यावें असें आमचें मत आहे. भूकंपांत गांवच उरला नव्हता. येथें गांव शिल्लक आहे.

आतां शेताकडे वळूं. या घरांतील माणसांचें मन आणि त्यांची पेरणी यांचा संबंध वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. मृग निघून गेला, सगळ्यांचीं शेतें हिरवीं झालीं आणि आपलें तेवढें काळें राहिलें, हें रोज डोळ्यांनीं पाहणें म्हणजे दुसरा मृत्यु. चार एकर सोयाबीनचा हिशेब करून पाहूं. एकरीं तीस किलो धरल्यास बियाणें १२० किलो लागतें. सोयाबीनचें बियाणें घरचें चालतें. तेव्हां आठ घरांनीं पंधरा-पंधरा किलो दिलें कीं झालें. देतांना चाळणींतला गाळ देऊं नये. ओल्या गोणपाटांत शंभर दाणे गुंडाळून ठेवावे, सत्तरांहून कमी उगवले तर तें बियाणें स्वतःच्या घरींहि पेरूं नये, मग दुसऱ्याच्या कोठून? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून वाफसा आल्यावर दोन ट्रॅक्टरवाल्यांनीं अर्धा-अर्धा दिवस दिला तर पेरणी एका दिवसांत उरकते. डिझेलचा खर्च गांवच्या सोसायटीनें किंवा गणेशमंडळानें उचलावा. वीस-पंचवीस दिवसांनीं डवरणी व निंदण यांस पुनः एक दिवस, फवारणीस एक, कापणी-मळणीस दोन. वर्षाकाठीं एकेका घराच्या वांट्यास फार तर अर्धा दिवस येईल. मात्र शेताचा हिशेब त्या बाईच्याच हातीं असावा. कोणतें बियाणें, किती ओळींमागें तूर, माल कधीं विकावयाचा, हें तिला विचारूनच करावें. तिला बाजूस सारून दिरानें शेत ‘सांभाळावयास’ घेतलें, तर पेरणी होईल, पण इर्जिक झाली असें म्हणतां येणार नाहीं.

तिचें नांव सातबारावर चढविण्याचें काम तर सर्वांआधीं करावें. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें पतीच्या मिळकतींत विधवेचा मुलामुलींच्या व सासूच्या बरोबरीनें हिस्सा आहे. वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे वेळेवर गेला नाहीं म्हणजे पीककर्ज मिळत नाहीं, विमा उतरवितां येत नाहीं, आणि घरांतील भांडणास निमित्त होतें. तिच्या कुंकवाचा व बांगड्यांचा प्रश्नहि येथेंच घेतों. ४ मे २०२२ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें ग्रामसभेंत ठराव करून विधवेच्या बांगड्या फोडणें, कुंकू पुसणें वगैरे प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यांत सरकारनें इतर ग्रामपंचायतींनींहि तें अनुकरण करावें असें परिपत्रक काढलें. आपल्या बुलढाण्यांत प्रा. डी. एस. लहाने यांनीं विधवांच्या सन्मानाची व पुनर्विवाहाची चळवळ चालविली आहे. जिजाऊंच्या जन्मभूमीच्या जिल्ह्यास हें काम शोभणारें आहे. ज्या बाईस उद्यां सकाळीं मजूर लावावयाचे आहेत व बँकेंत जावयाचें आहे, तिला आपण अशुभ म्हणून मागें उभें करावें, आणि मग तिच्या मनःस्थितीविषयीं हळहळावें, यांत मेळ नाहीं.

शेतांतील विषारी औषधांविषयीं दोन शब्द. श्रीलंकेंत १८० गांवांत घरोघर कुलुपाच्या पेट्या देऊन प्रयोग झाला. त्याचा निकाल २०१७ सालीं आला, व नुसत्या पेट्यांनीं फरक पडत नाहीं असें दिसलें. उलट त्याच देशानें अतिविषारी औषधें टप्प्याटप्प्यानें बाजारांतून काढून टाकलीं तेव्हां तेथील आत्महत्यांचें प्रमाण पुष्कळ खालीं आलें. म्हणून पेटीच्या भरंवशावर न राहतां असें औषध वर्षभराचें भरून ठेवूंच नये. लागेल तेवढेंच आणावें, उरलेलें घरांत नेऊं नये, आणि ज्या घराविषयीं शंका वाटते त्याचा फवारणीचा दिवस इर्जिकेनेंच उरकावा.

गांवाच्या आवांक्याबाहेरचें जें आहे, त्यासाठीं दारें कोठें आहेत तेंहि माहीत हवें. विदर्भ व मराठवाड्यांतील चौदा जिल्ह्यांत सरकारनें २०१५ च्या सुमारास ‘प्रेरणा’ प्रकल्प काढला. त्यांत आशाताईंनीं घरोघर जाऊन कष्टी शेतकरी ओळखावे व जिल्हा रुग्णालयांतील मनोविकार विभागाकडे पाठवावे अशी योजना केली, व तींत आपला जिल्हा आला. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. रात्रीं-अपरात्रीं केव्हांहि तेथें मराठींत बोलतां येतें व पैसे पडत नाहींत. हा क्रमांक सोसायटीच्या भिंतीवर, पिठाच्या गिरणींत आणि खताच्या दुकानांत रंगवून ठेवावा. मनोरुग्ण होऊन रस्त्यावर आलेल्या निराधारांस चिखली तालुक्यांतील पळसखेड सपकाळ येथें श्री. नंदकुमार व सौ. आरती पालवे यांचा ‘सेवा संकल्प’ आश्रय देतो. तें काम पाहून आलेल्या मनुष्यास ‘वेडा’ हा शब्द सहजासहजीं उच्चारवत नाहीं.

आरंभ केव्हां करावा? अक्षय्यतृतीयेस भेंडवळची घटमांडणी होते व दुसऱ्या दिवशीं तिचें भाकीत सगळ्या जिल्ह्यांत पारापारांवर चघळलें जातें. त्या भाकिताच्या खरेखोटेपणाविषयीं आम्ही येथें वाद घालीत नाहीं; पण त्या दिवशीं गांव पारावर असतो, एवढें खरें. त्याच बैठकींत पुढील खरिपासाठीं आपल्या गांवांतील कोणत्या घरीं इर्जिक करावयाची, बियाणें कोण देणार, ट्रॅक्टर कोणाचे, कागदपत्रांस तहसिलींत कोण जाणार आणि त्या घरच्या मुलाची पाठराखण कोण करणार, एवढीं पांच नांवें ठरवावींत. नांवें वहींत लिहावींत, फलकावर लिहूं नयेत.

पहिल्या वर्षश्राद्धाच्या सुमारास पुनः जपावें लागतें. दिवस जवळ येऊं लागला कीं घर पुनः ढवळून निघतें, आणि तोंवर गांव विसरलेला असतो. पाठराख्यानें ती तिथि ध्यानांत ठेवावी व त्या आठवड्यांत रोज जावें. इर्जिकेच्या दिवशीं त्या घरची बाई जेवण घालूं म्हणेल. ‘तुझ्यावर कशाला भार’ असें म्हणून घरून डबे नेऊं नयेत. पिठलें-भाकरी असली तरी तिच्याच पंक्तीस बसावें. आणि दुसऱ्या खरिपास तिचा मुलगा दुसऱ्या कोणाच्या शेतावर औत घेऊन आला, तर त्यास माघारीं न पाठवितां तास धरावयास द्यावें.